दस्तगीर मुल्लाणीला खुर्ची दिली त्याची गोष्ट

मंडळी, नमन झालं. देव जागा आहे, तुम्हीही बहुतेक जागे आहात. पोटात प्रसाद पडायच्या आधी एक प्रश्न विचारून घेतो. उत्तर मनातल्या मनात द्या. मोठ्यानं दिलंत तर खोटं द्याल.

तुम्ही कामाला का जाता?

बघा, लगेच घसे खाकरले. पुढच्या रांगेत निवृत्त गुरुजी बसलेत, ते म्हणणार — ज्ञानदानासाठी. गुरुजी, मी तुमच्याच वर्गात होतो, आपण हा विषय वाढवायला नको. खांबाला टेकून सोसायटीचे सचिव बसलेत, ते म्हणणार — समाजसेवेसाठी. बायकांच्या बाजूला अंगणवाडीच्या बाई आहेत. त्या काहीच म्हणणार नाहीत, कारण त्यांना हे आजवर कुणी विचारलेलंच नाही. आणि उरलेले सगळे म्हणणार — पोटासाठी, बुवा, दुसरं कशासाठी?

बरं, पोटासाठी. पण पोट तर देवानं सगळ्यांना एकाच मापाचं दिलंय. मग एक माणूस काम संपलं तरी जागेवरून उठत नाही, आणि दुसरा काम सुरू व्हायच्या आधीच घड्याळाकडे बघतो — हे कसं?

आणि आता खरा प्रश्न. तुमच्या शेजारच्या बाकावर जो वीस वर्षं बसतोय, तो का येतो? त्याची जात तुम्हाला ठाऊक. त्याच्या मेव्हण्याची भानगड ठाऊक. तो डब्यात काय आणतो ते झाकण उघडायच्या आधी ठाऊक. पण हा माणूस सकाळी अंघोळ करून इथं कशासाठी येतो, ते ठाऊक नाही. आणि ठाऊक नसून आपण त्याला बक्षीस देतो, बढती देतो, बोल लावतो. देतो की नाही?

गुंडोपंत, पेटीवर जरा काळी दोन धरून ठेवा. आजची गोष्ट तुमच्याच पेटीची आहे.

ऐका तर.

मिरजेच्या अलीकडं, रेल्वे फाटकापाशी, एक पेटीचा कारखाना होता. बाजाची पेटी, हार्मोनियम. मालकाचं नाव भूपाल उगारे, पण सगळे त्याला अण्णा म्हणत. अण्णा माणूस चांगला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी त्याची बरीच टिंगल करणार आहे.

अण्णाच्या वडिलांची लाकडाची वखार होती. वखारीत खुर्ची एकच, आणि तिच्यावर वडील. अण्णा लहानपणी ओंडक्यावर बसायचा. मोठा झाला, तरी ओंडक्यावरच. लग्न झालं, दोन मुलं झाली, आणि हा आपला अजून ओंडक्यावर. गिऱ्हाईक आलं की त्याच्याकडं न बघता वडिलांकडं बघायचं. वडील गेले, तेराव्या दिवसानंतर अण्णा त्या खुर्चीत बसला, आणि त्या दिवशी त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली, की या जगात प्रत्येक माणसाला आतून हवी असते ती खुर्ची. बाकी सगळं तोंडदेखलं. पुढं वखार गेली, पेटीचा कारखाना उभा राहिला, बावीस माणसं कामाला लागली. ती समजूत मात्र तशीच राहिली.

आपलंही असंच असतं, मंडळी. ज्याला लहानपणी जिलेबी मिळाली नाही, तो मोठेपणी मधुमेहाच्या माणसालाही आग्रह करतो.

या कारखान्यात दस्तगीर मुल्लाणी नावाचा माणूस होता. एकोणीस वर्षं त्याचं एकच काम — सूर लावायचे. पेटीच्या आत पितळेच्या बारीक जिभा असतात. वारा लागला की त्या थरथरतात, तोच आवाज. जीभ टोकाशी कानसेनं घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. एक घासा जास्त झाला की जीभ गेली. प्रत्येक सुराला अशा दोन जिभा, आणि दोन्ही एकसारख्या बोलल्या पाहिजेत. नवराबायकोसारखं म्हणणार होतो, पण उदाहरण चुकेल.

कारखाना आठला सुरू व्हायचा. दस्तगीर साडेसातला यायचा. रोज. पावसात, रमजानात, ताप असला तरी. कारण आठला करवत सुरू व्हायची, आणि एकदा करवत सुरू झाली की सूर ऐकायला जिवाचा कान करावा लागायचा. तो अर्धा तास त्याला शांततेत मिळायचा. बोलायचा कमी. चहा प्यायला उठायचा नाही, चहाच त्याच्याकडं यायचा, आणि बऱ्याचदा गार होऊन परत जायचा.

दुसरी होती सुगंधा कोष्टी. ती भात्याला चामडं लावायची. वय चाळिशीच्या आतलं, नवरा एसटीत कंडक्टर. हात चांगला होता तिचा, पण खरी गंमत वेगळीच. या बाईला अख्खा कारखाना पाठ होता. चिकटवायचा सरस कधी संपणार, पॉलिशवाल्याचा खांदा कधीपासून दुखतोय, पट्ट्या बसवणारा आज गप्प का आहे, कुठली पेटी कुणाकडं अडून राहिली आहे — सगळं. जुने सुपरवायझर होते, पण कुणाचं काही अडलं की लोक त्यांच्या टेबलाकडं जायचे नाहीत, सुगंधाच्या पाटाकडं जायचे. आणि ती हातातलं चामडं न सोडता सांगायची, याला तिकडं बसव, ते आधी घे, हे उद्या. तिचा चेहरा तेव्हा बघायचा. लाडू वळणाऱ्या बाईचा असतो तसा.

आता झालं काय, की जुने सुपरवायझर निवृत्त झाले. खुर्ची रिकामी पडली.

दुसरा कुणी असता तर कारखान्यात एक चक्कर मारून आला असता. अण्णानं काय केलं? पुण्याहून माणूस बोलावला. प्रेरणातज्ज्ञ. हसू नका, असतात. देवस्थळी साहेब त्यांचं नाव. लोकांना कामाची प्रेरणा कशातून मिळते, हे ते शोधून काढतात. फी मी सांगत नाही, मला अजून इथं जेवायचं आहे.

साहेबांनी सगळ्यांना अंगणात सतरंजीवर बसवलं, डोळे मिटायला लावले, तुमच्या आतल्या ज्योतीकडं बघा म्हणाले. पॉलिशवाला झोपला. मग प्रत्येकाला एक कागद दिला. वर छापलेलं — तुम्हाला काम करण्याची प्रेरणा कशातून मिळते? मनमोकळं लिहा.

मनमोकळं! आणि समोर, पहिल्या रांगेत, कोण बसलंय? अण्णा.

तुम्ही काय लिहिलं असतं? तेच त्यांनी लिहिलं. वीस जणांनी लिहिलं, 'कारखान्याची भरभराट'. पहिल्यानं घाईत 'भराभराट' लिहिलं होतं, म्हणून वीसच्या वीस कागदांवर भराभराटच होती. साहेबांनी अण्णाला सांगितलं — एकजूट चांगली आहे.

दोनच कागद वेगळे निघाले. दस्तगीरनं लिहिलं होतं, 'माझ्या कोपऱ्याची खिडकी लागत नाही. करवतीचा आवाज येतो. लावून मिळावी.' आणि सुगंधानं लिहिलं होतं, 'भाता, पट्ट्या, पॉलिश, सगळं काम मला येतं. कोण कुठं अडतं ते कळतं.'

आता मला सांगा, याहून स्वच्छ उत्तर असतं का? दोघांनी आपलं काळीज काढून कागदावर ठेवलं होतं. साहेबांनी ते वाचलं, चष्मा पुसला, आणि अहवालात लिहिलं. दस्तगीर मुल्लाणी — नाराज; महत्त्वाकांक्षा दडपलेली; वरच्या जागेची संधी द्यावी. सुगंधा कोष्टी — समाधानी. पुढं काही नाही. समाधानी, पूर्णविराम.

अण्णाला तो अहवाल वेदासारखा वाटला. कारण त्याच्या मनात होतं तेच पुण्याहून टाइप होऊन आलं होतं.

झालं. गुरुवारी हार आणले. नवी खुर्ची आणली, चाकं असलेली, बसलं की फिरणारी. दस्तगीरला कोपऱ्यातून उठवला, हातातली कानस काढून घेतली, गळ्यात हार घातला, आणि खुर्चीत बसवला. दस्तगीर हळूच म्हणाला, "अण्णा, मला तिथंच ऱ्हाऊ द्या. मला ह्यातलं न्हाई कळत."

अण्णा सगळ्यांकडं बघून म्हणाला, "बघा, कसा लाजतोय."

आपल्याकडं नको म्हणणं म्हणजे हवं म्हणणं, हे जेवणाच्या पंगतीत ठीक आहे. पण आपण तोच नियम सगळीकडं लावतो आणि मग नको म्हणणाऱ्याच्या पानात वाढतच सुटतो.

सुगंधालाही विसरले नाहीत हं. तिला 'सर्वोत्कृष्ट कर्मचारी' अशी फ्रेम दिली, आणि एक कुकर. पाच लिटरचा. तिनं दोन्ही घेतलं, नमस्कार केला, आणि भात्याकडं जाऊन बसली. त्या दिवशी तिनं चामडं दोनदा वाकडं कापलं. सहा वर्षांत पहिल्यांदा. कुणाच्या लक्षात आलं नाही. ज्याच्या लक्षात यायला हवं होतं, तो खुर्चीत बसून चाकं कशी थांबवायची ते शोधत होता.

तुम्ही म्हणाल, बुवा, दस्तगीरनं ठणकावून नाही का म्हटलं नाही? म्हणणार होता. पण तो घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. बायको बिल्कीस दारात उभी. शेजारणी जमलेल्या. सासरा जतहून यायला निघालेला. आणि पोरीच्या, रेश्माच्या, लग्नाचं एका घरी बोलणं चाललं होतं, ते आठ दिवस अडून बसलेले लोक आता निरोप पाठवतात, की मुलीचे वडील सुपरवायझर झाले म्हणे, या एकदा बोलायला. अशा घरात जाऊन तो काय सांगणार — मला परत कोपऱ्यात बसायचं आहे म्हणून? बिल्कीसनं त्याच्या तोंडात साखर घातली. साखर तोंडात असताना माणूस नाही म्हणू शकत नाही.

बसला खुर्चीत. सकाळी हजेरी, मग फोन, मग लाकूडवाल्याशी हुज्जत, मग कोण उशिरा आलं त्याला बोलायचं. दस्तगीरला बोलता यायचं नाही. उशिरा आलेला समोर उभा राहायचा, हा कागदाकडं बघायचा, आणि शेवटी तोच म्हणायचा, "जाऊ का चाचा?" हा म्हणायचा, "जा." महिनाभरात हजेरी साडेआठवर गेली. आणि नेहमीपेक्षा उशिरा यायला सगळ्यात आधी कोण लागलं? दस्तगीर. साडेसातला नाही. बरोबर आठला. कुणी विचारलं नाही, की एकोणीस वर्षांची सवय एका महिन्यात कशी मोडली.

त्याच्या कोपऱ्यात नवा माणूस आला, शिरीष. कोल्हापूरचा. काम वाईट नव्हतं त्याचं. फोन समोर ठेवायचा, फोनवर काटा दिसायचा, काटा मधोमध आला की सूर लागला. एका दिवसात दस्तगीरच्या दुप्पट पेट्या व्हायच्या. अण्णा खूश.

पण पितळ ताजं घासलेलं असतं ना, ते लगेच स्थिर होत नाही. दस्तगीर पेटी लावून आठ दिवस ठेवायचा, रोज थोडी वाजवायचा, मग पुन्हा बसायचा आणि पुन्हा घासायचा. काट्याला हे ठाऊक नाही. काटा आजचं सांगतो.

त्यातच पाचव्या महिन्यात मोठं काम आलं. बेळगावकडच्या एका संगीत शाळेला चाळीस पेट्या हव्या होत्या. अण्णानं तारीख देऊन टाकली, आणि तारीख जवळ आली. नियम असा, की सुपरवायझरची सही झाल्याशिवाय पेटी बाहेर जात नाही. मंगळवारी दस्तगीर चाळीस पेट्यांसमोर उभा राहिला. एक वाजवली. दुसरी वाजवली. तिसरी वाजवून थांबला. अण्णाला म्हणाला, "अण्णा, ह्या आठ दिस ठेवू. परत बघू."

अण्णा म्हणाला, "गाडी उद्या निघणार आहे. काटा बरोबर दाखवतोय ना?"

"काटा दाखवतोय."

"मग?"

दस्तगीरनं सही केली. चाळीस सह्या. मंडळी, इथं थांबा जरा. त्याला ऐकू आलं नव्हतं असं नाही. ऐकू आलं होतं. कारखान्यात त्याच्या एकट्यालाच ऐकू आलं होतं. कोपऱ्यात असता, तर त्यानं पेटी हातातून सोडली नसती. अण्णा ओरडला असता, तरी नसती सोडली. पण खुर्चीत बसलेल्या माणसाला गाडी दिसते, तारीख दिसते, मालकाचा चेहरा दिसतो. सूर शेवटी.

पंधरा दिवसांनी टेम्पो परत आला. चाळीसपैकी एकतीस पेट्या. बरोबर तिथल्या गायनशिक्षिकेचं पत्र. चार ओळींचं. 'आमची मुलं पेटीवर गळा लावतात. या पेट्यांवर लावला तर गळे बिघडतील, आणि गळा आम्हाला दुरुस्तीला परत पाठवता येत नाही. पेट्या परत पाठवत आहे. आपल्या पेट्यांबद्दल आजवर असं कधी लिहावं लागलं नव्हतं.'

अण्णाचा चेहरा काळवंडला. तो बाहेर आला आणि सगळ्यांसमोर, करवत बंद करवून, दस्तगीरवर तुटून पडला. "खुर्ची दिली तुला. मान दिला. हार घातले. आणि सही करताना कान कुठं ठेवले होतेस?"

 दस्तगीरनं खिशातून किल्ल्या काढल्या, टेबलावर ठेवल्या, चप्पल घातली आणि फाटकाकडं चालत गेला. एकोणीस वर्षं झाली होती. निघायला दोन मिनिटं लागली.

 आणि मग भात्याकडून आवाज आला.

"अण्णा, एक विचारू?"

सुगंधा. चामडं मांडीवर तसंच.

"तुम्ही चाचाला खुर्ची का दिली?"

"का म्हणजे? तो सगळ्यात चांगला माणूस आपला."

"कशात चांगला?"

अण्णा म्हणाला, "सूर लावण्यात."

"मग सूर लावायला खूप चांगला, म्हणून त्याला सूर लावायचं बंद केलं. आणि ह्याला बक्षीस म्हटलं."

 मालकाला उत्तर सुचलं नाही की तो विषय बदलतो. म्हणाला, "तुलाही दिलं की. कुकर दिला."

"घरात दोन आहेत, अण्णा."

"मग तुला काय हवं होतं?"

"ती खुर्ची," सुगंधा म्हणाली.

अण्णा हसला.

मंडळी, तुमच्यातलेही आत्ता सात-आठ जण हसलात. मी बघितलं. डावीकडून तिसऱ्या रांगेतले पाहुणे तर मांडीवर थाप मारून हसले. का हसलात? अण्णा का हसला ते मला कळतं, त्याला भीती वाटली. पण तुमचं काय गेलं होतं?

असो. तो हसला, आणि बाकीचं कुणी हसलं नाही. एकवीस माणसं त्याच्याकडं बघत राहिली. तेव्हा त्याचं हसू आपोआप उतरलं. केबिनमध्ये गेला, कपाट उघडलं, आणि देवस्थळी साहेबांनी गोळा केलेले कागद बाहेर काढले. या वेळी अहवाल नाही वाचला. कागद वाचले. भराभराट, भराभराट, भराभराट... आणि ते दोन. खिडकीचा आणि सुगंधाचा. 

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा दस्तगीरच्या घरी गेला. वाटेत ठरवलं होतं, पगार वाढवून देऊ, दीडपट म्हणू, नाही म्हणाला तर दुप्पट. माणूस सुधारायला निघाला तरी सवय आधी पुढं चालते.

दस्तगीर ओट्यावर बसला होता. समोर गावच्या भजनी मंडळाची जुनी पेटी उघडून ठेवलेली, हातात कानस. बिल्कीस आत भांडी जरा जोरात घासत होती. कारण रेश्माच्या सोयरिकीच्या लोकांनी काल संध्याकाळीच निरोप पाठवला होता, की आम्हाला थोडा विचार करावा लागेल. म्हणजे काय, ते कळलं तुम्हाला. सुपरवायझर गेला, सोयरिकही गेली.

अण्णा ओट्याच्या कडेला बसला. म्हणाला, "दस्तगीर, चुकलं माझं. परत ये. पगार दीडपट करतो."

दस्तगीर जीभ घासत म्हणाला, "पगार लागतो अण्णा. नको असं म्या कधीच म्हणलं न्हाई. घर चालवायचंय."

"मग दुप्पट करतो."

दस्तगीरनं कानस खाली ठेवली. म्हणाला, "अण्णा, तुम्ही पगार देत होता तो आठला येण्यासाठी. म्या साडेसातला येत होतो. ते कशाला येत होतो, ते कधी इचारलं का?"

 मग, देवाची कृपा म्हणा, आयुष्यात पहिल्यांदा अण्णानं प्रश्न विचारला आणि उत्तर येईपर्यंत तोंड मिटून बसला. "नाही विचारलं. सांग."

दस्तगीरनं पेटीची एक पट्टी दाबली, भाता हलवला. दोन जिभा बोलल्या. त्यांच्यात एक बारीक लाट होती, हॉं-हॉं-हॉं अशी. "ऐका," तो म्हणाला. कानस उचलून एक घासा मारला. लाट लांबली. अजून एक. आणि ती थांबली. नुसता एक सूर उरला, सरळ, सोवळा.

"हे," दस्तगीर म्हणाला. "हे थांबतंय ना, त्येवढं ऐकायला येत होतो. दिवसात पन्नास-साठ वेळा थांबायचं. घरी गेलो की भाकरी गोड लागायची. खुर्चीत बसलो आणि सहा महिने एकदाबी थांबलं न्हाई." मग म्हणाला, "आणि त्या चाळीस पेट्या. मला ऐकू आलं होतं, अण्णा. सही माझीच हाय. तुम्ही बोललात त्यात चूक न्हाई."

  अण्णानं विचारलं, "येशील?"

"त्या एकतीस पेट्यांसाठी येतो. त्या माझ्या नावावर हायेत. पुढचं पुढं."

आला. महिनाभर बसला. खिडकीला नवी फळी मारून घेतली, अण्णानं स्वतः उभं राहून. आठ दिवस घासून, आठ दिवस ठेवून, पुन्हा घासून एकतीस पेट्या बेळगावकडं गेल्या. आभाराचं पत्र काही आलं नाही. पेट्याही परत आल्या नाहीत. 'पुढचं पुढं' म्हणालेला माणूस चौथ्या महिन्यालाही साडेसातलाच येत होता, तेव्हा कुणी काही विचारलं नाही. या वेळी न विचारणं बरोबर होतं.

आणि सुगंधा? हं, इथं अण्णाची परीक्षा होती. ज्याला नको होती त्याला खुर्ची द्यायला अण्णाला एक दिवस लागला होता. जिला हवी होती, तिला द्यायला तीन आठवडे लागले. धाकट्या भावाला विचारलं. लाकूडवाल्याला विचारलं, बाईशी व्यवहार कराल का? लाकूडवाला म्हणाला, चार वर्षं तिच्याशीच करतोय, तुम्हाला माहीत नव्हतं? शेवटी तिच्या नवऱ्याला बोलावून विचारलं, तुमची हरकत नाही ना? कंडक्टर म्हणाला, "अण्णा, आमच्या घरात ती सोळा वर्षं सुपरवायझरच हाय. मी डबल बेल ऐकली की निघतो."

दस्तगीरला खुर्चीत बसवताना बिल्कीसला बोलावून विचारलं होतं का, तुमची हरकत नाही ना? नाही. मी आपलं लक्षात आणून दिलं.

सुगंधाला खुर्ची मिळाली. तिनं आधी लेखी मागितली, मग बसली. आणि खरं सांगायचं तर फार वेळ बसलीच नाही, ती फिरायची. हजेरी आठवर आली. पण तिचंही एकदा चुकलं, ते सांगतो, नाहीतर तुम्ही घरी जाऊन म्हणाल, बुवा बायकांच्या बाजूचे आहेत. तिला वाटलं, हा शिरीष हुशार आहे, याला दस्तगीरचाचाच्या हाताखाली बसवू, खरी विद्या शिकेल. मोठ्या उत्साहानं सांगायला गेली. शिरीष म्हणाला, "ताई, मला त्यात एवढं मन नाही. सांगाल ते काम नीट करीन. पण मला पाचला सुटायचं असतं. आमची व्हॉलीबॉलची टीम आहे."

तिला राग आला. एवढी विद्या समोर, आणि याला व्हॉलीबॉल? दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या डोक्यात प्रकाश पडला, की अण्णा सगळ्यांना खुर्ची वाटत होता, आणि मी सगळ्यांना विद्या वाटायला निघाले. तिनं त्याला पट्ट्या बसवायच्या कामावर टाकलं. काम चोख करायचा, आणि पाचच्या ठोक्याला पायात बूट. तेही एक उत्तर आहे, मंडळी. काम म्हणजे पूजा, असं भिंतीवर लिहिणारे लोक बहुतेक दुसऱ्याकडून पूजा करून घेणारे असतात.

रेश्माची ती सोयरीक काही परत जुळली नाही. बिल्कीस पंधरा दिवस नवऱ्याशी बोलली नाही. खऱ्याची किंमत असते, आणि ती बऱ्याचदा घरातल्या माणसांना मोजावी लागते. हे न सांगता मी गोष्ट संपवली असती, तर ती गोड झाली असती. खरी झाली नसती.

आता तुम्ही.

पोरगं बारावी झालं की तुम्ही काय विचारता? 'पॅकेज किती मिळतं त्यात?' त्याला काय करताना जेवायची आठवण राहत नाही, हे विचारलंत? सून नोकरीला निघाली की म्हणता, 'हौस आहे तिला.' हौस का भूक, विचारलंत? हाताखालच्या माणसानं चांगलं काम केलं की त्याला नारळ देता, शाल देता, आणि त्याचं तेच चांगलं काम काढून घेऊन त्याला मीटिंगला बसवता. गुरुजी, हसू नका, तुम्हाला चित्रं काढता यायची. आम्हाला शिकवता शिकवता फळ्याच्या कोपऱ्यात तुम्ही पक्षी काढायचा. मग तुम्हाला मुख्याध्यापक केलं. नंतर तुम्हाला खडू हातात धरलेलं कुणी बघितलं का?

बघा, गप्प झाले. माफ करा गुरुजी.

आणि माझं म्हणाल, तर मलाही कुणी विचारलं नाही. सगळे गृहीत धरतात, बुवा देवासाठी उभे राहतात. देव समोर उभा आहे, त्याच्यादेखत खोटं कसं बोलू? मी येतो, कारण तुम्ही हसलात की मला बरं वाटतं. आणि तुम्ही हसता हसता मध्येच गप्प झालात, की त्याहून बरं वाटतं. यात भक्ती किती आणि हौस किती, ते त्यालाच ठाऊक. तो बिचारा चालवून घेतो.

तेव्हा घरी गेलात की एकाला विचारा. एकालाच. आणि मग उत्तर येईपर्यंत गप्प बसा, हे जास्त अवघड आहे. त्यानं 'भराभराट' म्हटलं, तर समजा की तो तुम्हाला घाबरतो, आणि आधी ती भीती काढा.

चला, उभे राहा. आरतीची वेळ झाली. इतकी वर्षं आरतीचं ताट ट्रस्टच्या अध्यक्षांच्या हातात दिलं जातं. अध्यक्षसाहेब, राग मानू नका, पण तुम्हाला ते धरावंसं वाटतं का, असं तुम्हाला एकदा तरी कुणी विचारलंय का? ... मान हलवली त्यांनी. नाही म्हणतात. गुडघे दुखतात म्हणतात, बसून ऐकायला आवडेल. ऐकलंत? अकरा वर्षं आपण या माणसाला उभा करतोय.

बसा साहेब, निवांत बसा.

ताट इथं ठेवलंय. निरांजन लागलेलं आहे. ज्याला मनापासून वाटतंय, त्यानं पुढं यावं. मी कुणाचं नाव घेणार नाही. एकमेकांकडं बघू नका, ताटाकडं बघा.

उठलं बघा कुणीतरी. या, अंगणवाडीच्या बाई, या.